मथू, तुझ्या पत्रांतली मी गाळलेली वाक्यं

मथू,

तुझं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. त्या दिवशी खोपोलीला जेवणं उरकल्यावर बायका माजघरात टेकल्या आणि जी ती तुझं भाग्य वाखाणायला लागली. "अहेवपणी गेली, सोनं झालं पोरीचं." तुझ्या सासरची, केशवरावांची आत्या तर थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "असं मरण मागून मिळत नाही हो." मी मान खाली घालून पत्रावळी गोळा करत राहिले. सगळ्यांना वाटलं, बहिणीच्या दुःखानं हिची वाचा गेली. दुःख होतंच. पण त्या क्षणी मला तुझा हेवा वाटत होता. सोळाव्या वर्षी मोकळं कपाळ घेऊन कर्जतला परतलेली मी, माझ्या धाकट्या बहिणीच्या मरणाचाही हेवा करत होते.

तुला याचं नवल वाटणार नाही. माझ्यातली ही खोड तुझ्याइतकी कुणी ओळखली नव्हती. तुझे केस लांब, तुझा आवाज गोड, आईच्या उजव्या हाताला बसायची जागा तुझी. शाळेत मला मुली 'बाई' म्हणून टरकतात, चार माणसं मान देतात. पण तू दारात आलीस की मी पुन्हा आठ वर्षांची व्हायचे आणि तुझ्या ताटात काय वाढलंय ते बघायचे.

त्या गाडीचंच घे. मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनेक वर्षांनी केशवरावांनी कुणाची तरी मोडकी मोटारलॉरी आणली. वीजघरातलं काम संपलं की संध्याकाळभर ते तिच्या पोटात शिरलेले असायचे. इंजिन धड झाल्यावर त्यांनी खोपोलीच्या सुताराकडून लॉरीच्या पाठीवर फळ्यांची एक खोलीच बसवून घेतली. दोन बाजूंना दोन बाक, रात्री झोपायला. कोपऱ्यात स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेली पेटी. पाण्याचं मडकं हिंदकळू नये म्हणून लोखंडी कडं. खिडकीला तू तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवलास. आणि एक दिवस ते घर घेऊन तुम्ही चौकच्या रस्त्यानं धुरळा उडवत आमच्या दारात उभे राहिलात.

सगळी आळी गोळा झाली. आईचे मोतीबिंदू तेव्हाच पिकत आले होते. ती हातानं चाचपत गाडीभर फिरली, कड्यातलं मडकं, पडदा, बाकाच्या कडा. कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतून मोळी घेऊन येणारी बुधी ठाकरीण डोक्यावरच्या ओझ्यासकट उभी राहिली.

"बया! घराला चाकं लावलीत का काय! आन् चूल? आत चूल बी हाय?"

"ये की बुधे, बघ," तू म्हणालीस. तिची मोळी उतरवून घेतलीस, तिला बाकावर बसवलंस आणि स्टोव्हवर चहा करून दिलास. आई विटाळाचं काहीतरी पुटपुटली. बुधीनं तो चहा बशीत ओतून इतका जपून प्यायला, की मला वाटलं, आपल्याला कुणी कधी इतक्या प्रेमानं काही दिलं नाही. बघ, मी बुधीचाही हेवा केला.

मग तू भिंतीला बिजागऱ्यांनी अडकवलेली एक फळी खाली पाडलीस. तिसरा बाक.

"हा तुझा, ताई. समुद्राच्या कडेकडेनं मुरुडपर्यंत जायचं. वाटेल तिथं थांबायचं, डोंगर दिसला की चढायचा, वाळू दिसली की उतरायचं. चल."

मी म्हणाले, "शाळेतून रजा मिळायची नाही. आणि आईकडे कोण बघणार?"

"बरं," तू म्हणालीस आणि फळी वर केलीस.

यावरून आपलं पुढे किती वेळा वाजलं! तू म्हणायचीस, मी तुला तीनदा विचारलं. मी म्हणते, एकदाच. रजा मिळाली असती. शेजारच्या काकू आईजवळ महिनाभर राहायला एका पायावर तयार होत्या. मला फक्त तू आणखी एकदा म्हणायला हवं होतंस. हात धरून ओढायला हवं होतंस. चाळिशीला टेकलेल्या बाईला एवढ्याची भूक असते, हे तुला कळायला हवं होतं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी बुधीनं मला दारात बघितलं आणि तिला काय कळणार, सरळ विचारलं, "बाई, तुमी नाय गेला?" मी तिला लाकडं ओली आहेत म्हणून झापलं.

चारच दिवसांत पहिलं पत्र आलं. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि मी वाचायला लागले. ते पत्र मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं, मथू. पेणच्या देवळाच्या आवारात मुक्काम केला, पहाटे एका गाईनं खिडकीतून तोंड घातलं आणि पोह्यांची पुरचुंडी पडद्यासकट चावायला घेतली, केशवराव एका बाजूनं ओढतायत आणि गाय दुसऱ्या बाजूनं. आई पोट धरून हसली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "मथू माझी वाघीण आहे हो. तू अशी नाहीस. तुला उल्हास नदीच्या गुडघाभर पाण्यात उतरवायलासुद्धा माझा हात लागायचा."

दहा वर्षं त्या बाईचं अंथरूण घालत होते मी. डोळ्यांत औषध घालत होते, भाकरी मऊ करून देत होते. आणि वाघीण तू.

दुसरं पत्र आलं तेव्हा मी ठरवून काही केलं नाही. धरमतरची खाडी ओलांडताना दोन होड्या एकत्र बांधून, वर फळ्या टाकून त्यावर लॉरी चढवली होती. मधोमध गेल्यावर सगळं एका बाजूला कललं. इथपर्यंत मी वाचलं. पुढे तू लिहिलं होतंस, 'मी घाबरेन असं यांना वाटलं, पण मला इतका आनंद झाला की मी खलाशांबरोबर ओरडायला लागले.' ते वाक्य माझ्या जिभेवर आलंच नाही. त्याच्या पुढचं वाचलं, 'गुडघ्यापर्यंत भिजलो.' आईचा चेहरा उतरला. तो उतरलेला बघून मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

मग वळणच पडलं. खाडीपलीकडच्या नाक्यावर शिपायांनी बंद लॉरीत काही पत्रकं-बित्रकं आहेत का म्हणून अडवलं, ते वाचलं. मग त्यातल्याच एकानं तुझ्या हातचा चहा घेऊन तुम्हाला पुढच्या विहिरीचं गोडं पाणी दाखवलं, ते गाळलं. अलिबागला ओहोटीत चालत किल्ल्यात गेलात आणि परतताना पाणी कमरेपर्यंत चढलं, ते वाचलं. 'यांनी माझा हात धरला होता आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखी खिदळत होतो', ते गाळलं. रेवदंड्याची खाडी ओलांडून तुम्ही कोर्लईच्या डोंगरावर चढलात. वाट निसरडी, पायाला काटे, डोक्यावर ऊन, हे सगळं वाचलं. माथ्यावर पोचल्यावर दोन्ही अंगांना पाणी दिसलं, एकीकडे हिरवं, एकीकडे निळं, आणि तू लिहिलंस, 'आई, इथे ताईला आणून बसवलं पाहिजे. ती दोन तास कुणाला रागावणार नाही.' ते मी मनात वाचलं, कागदाची घडी घातली आणि आईला सांगितलं, "संपलं."

मी स्वतःची समजूत घालायचे की पदरचा एक शब्द मी घातला नाही, फक्त गाळले. तेही खरं नव्हतं. चौथ्या पत्राच्या शेवटी मी एक वाक्य घातलं. 'आई, तुझी फार आठवण येते. केव्हा एकदा घरी येते असं झालंय.' का घातलं? पत्रभर तू एकदाही तसं म्हटलं नव्हतंस म्हणून. मला ते ऐकायचं होतं. आई तर त्या वाक्यानं विरघळलीच. रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणायची, "पोर घरी यायला तळमळतेय." सोमवारचा उपास धरला तिनं, तू सुखरूप यावीस म्हणून. तू तिकडे वाळूवर झोपून आभाळ बघत होतीस आणि इकडे आई तुझ्यासाठी उपाशी राहत होती. मध्ये मी.

तू परत आलीस. काळी झाली होतीस, खांद्याची साल निघाली होती आणि मी तुला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती. आईनं तुझे हात हातात घेतले, तळव्याला घट्टे लागले आणि ती रडायला लागली.

"किती हाल झाले गं तुझे. आम्ही इथे सुखात आणि तू बुडता बुडता वाचलीस. रात्रंदिवस घरी यायचा ध्यास घेतला होतास ना? वेणूनं सगळं वाचून दाखवलं मला."

केशवराव म्हणाले, "हाल? अहो, कसले—"

तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. मग माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, उंबरा ओलांडायला लागतो तेवढाच. त्या नजरेत तुला सगळं समजलं, हे मला समजलं.

"हो गं आई," तू म्हणालीस. "केव्हा एकदा घरी येते असं झालं होतं."

शब्द न् शब्द माझा. तुला कसा सापडला?

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आता तू येशील, दार लावून घेशील, मला फाडून खाशील, म्हणून. मी उत्तरंही जुळवली होती. तू आलीस आणि विचारलंस, "ताई, रव्याचा डबा कुठे ठेवतेस हल्ली?" आईला शिरा करून घातलास आणि तिचा उपास सोडवलास. भांडली असतीस तर आपण एका पायरीवर आलो असतो. तू गप्प बसून वर गेलीस, आणि मी तुला त्याबद्दल कितीतरी महिने क्षमा केली नाही.

पुढच्या थंडीत तुम्ही पुन्हा निघणार होता. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, जमलं तर त्याच्याही खाली. केशवरावांनी गाडीला नवे टायर चढवले होते. तू आईला सांगायला आलीस आणि तिनं तुझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला.

"माझ्या गळ्याची शपथ आहे, मथे. पुन्हा त्या पाण्याच्या वाटेला जायचं नाही. एकदा देवानं परत दिली, दुसऱ्यांदा मी हे सोसणार नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी सुपातले खडे वेचत होते. मघाच वेचून झाले होते, तरी वेचत होते. एक वाक्य पुरलं असतं. 'आई, मी तुला खोटं वाचून दाखवलं.' पाच शब्द, सहा शब्द. शाळेत मुलींना रोज सांगते, खरं बोलायला किती वेळ लागतो गं?

तू थांबलीस. मला वेळ दिलास. मग म्हणालीस, "नाही जात, आई."

केशवरावांनी लॉरीवरची खोली उतरवून परसात ठेवली आणि गाडी कळंबकडचं गवत वाहायला लागली. मला सुटल्यासारखं झालं. आता आपण दोघी सारख्या, असं वाटलं. दोघींना घर, दोघींना चूल, दोघींना तोच डोंगर. इतक्या स्वस्तात माझं समाधान झालं.

तू मला त्या पत्रांबद्दल बोललीस ते एकदाच, गेल्या चैत्रात, कर्जतच्या फलाटावर. खोपोलीची गाडी यायची होती. बाकावर आपण दोघीच होतो. तू पिशवीतून पेरू काढलास, अर्धा मला दिलास आणि म्हणालीस,

"ताई, तू तसं का केलंस ते मी विचारत नाही. एवढंच सांग. तुला समुद्र बघायचा होता ना?"

"मला काही नको होतं."

"खोटारडी." तू हसलीस. "अगं, एकदा हो म्हण. मी आईची शपथ मोडते आणि तुला घेऊन जाते."

मी म्हणाले, "पेरू कच्चा आहे."

गाडी आली. तू खिडकीतून हात हलवलास. मी हो म्हणाले नाही. तो वाद तिथेच राहिला, मथू, आणि आता तो माझ्या एकटीकडे आला आहे.

पाच महिन्यांनी विषमज्वरानं तू अंथरुणाला खिळलीस. मी रजा घेऊन आईसह खोपोलीला आले. या वेळी मागितल्याबरोबर मिळाली. शेवटचे सहा दिवस तू आमच्यात नव्हतीसच. मी कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते आणि तू म्हणत होतीस, "पाणी चढतंय, गाडी मागे घ्या." मी म्हणाले, "मथू, इथे पाणी नाही गं, मी आहे, ताई." तू तळमळत राहिलीस. केशवराव जवळ आले, वाकून म्हणाले, "घेतली मागे. चाकं कोरड्यात आहेत." आणि तू शांत झालीस. तुमचं एक गाव होतं तिकडे कुठेतरी, तिथली भाषा त्यांना येत होती. मी तुझ्या उशाशी बसून त्या गावाचा हेवा केला. मग बाहेर पडवीत जाऊन खूप रडले. त्यातलं किती तुझ्यासाठी होतं, मला सांगता येत नाही.

तुझं तेरावं झाल्यावर आईला घेऊन मी कर्जतला आले. बुधी मोळी घेऊन आली, अंगणात उकिडवी बसली. म्हणाली, "धाकल्या बाई लई चांगल्या व्हत्या. मला म्हनल्या व्हत्या, बुधे, तिसरी फळी रिकामीच हाय, ताई नाय आली तर तुला दर्या दाखवते." क्षणभर मला वाटलं, माझी जागा तू ठाकरणीला देऊन टाकलीस! आणि लगेच दुसरं कळलं. 'ताई नाय आली तर.' तू शेवटपर्यंत आधी मला धरलं होतंस.

त्याच दुपारी मी आईजवळ बसले आणि सगळं सांगितलं. काय वाचलं, काय गाळलं, तू का गप्प बसलीस. आई छताकडे तोंड करून ऐकत होती. तिला आता उजेड-अंधार एवढंच दिसतं.

"म्हणजे तिला आवडलं होतं?"

"हो आई. फार."

"आणि मी तिला शपथ घातली."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"ते घरी यायचं? तळमळत होती ते?"

"ते मी घातलं होतं."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी भाकरी पुढे ठेवली की खायची, औषध घालायला गेले की डोळे मिटून घ्यायची. त्या तीन दिवसांत मी हेही मनात आणलं, की मेलेल्या लेकीसाठी ही जिवंत लेकीशी अबोला धरते. बघ, मी सुधारले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली.

"वेणू, ती पत्रं आण. आता पहिल्यापासून वाच. श्वास घेतलास तरी मला कळेल."

मी वाचलं. खाडीत खलाशांबरोबर ओरडणारी तू, किल्ल्यावरून परतताना खिदळणारी तू. कोर्लईचं वाक्य आलं तेव्हा मी कागद खाली केला. आई म्हणाली, "थांबू नको," आणि माझा गुडघा चाचपून त्यावर हात ठेवला. मग तो हात तिनं काढला नाही.

शेवटचं पत्र मुरुडचं. ते मी तेव्हा तिला वाचून दाखवलंच नव्हतं. टपालात गहाळ झालं असेल म्हणाले होते. तू लिहिलं होतंस: 'आई, इथली वाळू घट्ट आहे, तिच्यावरून गाडीसुद्धा चालते. संध्याकाळी मला काय झालं कुणास ठाऊक, मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्याच्या कडेनं धावत सुटले. लाट आली, पाय सरकला आणि मी साष्टांग आडवी. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी तिथून ओरडला, अगो बाय, दर्याच्या पाया परतंस का? मंग नारल खंय हाय?'

आई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग पदर तोंडात धरून पार वाकली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "नारळ!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. "वाच गं, ते परत वाच."

मी परत वाचलं. ती परत हसली. इतकी वर्षं मी तिच्याजवळ आहे, मथू, माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नाही. कागद हातात धरून मी तिच्याकडे बघत बसले होते, आणि मला तुझा हेवा वाटत होता.